घरून फोन

माणूस गेल्यावर घरच्यांनी काय काय करावं, या विषयातला मी आता आमच्या इमारतीतला तज्ज्ञ मानला जातो. मध्यंतरी वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने माझे सांत्वनाचे दोन शब्द नीट ऐकून घेतले आणि मग मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "काका, ते पुढचं जरा सांगा ना. नावं बदलायची वगैरे." मी त्याला एकच सांगितलं, "बाकी काहीही कर, पण त्यांचा फोन बंद करू नकोस." त्याला वाटलं, म्हातारा भावनेच्या भरात बोलतोय. मी निव्वळ व्यवहाराचं बोलत होतो. निदान माझं प्रकरण सुरू झालं ते तरी निव्वळ व्यवहाराचं होतं.

आमची ही गेली आणि तिचा मोबाईल घरात वाजतच राहिला. हिला ओळखी फार. मला आयुष्यभरात जेवढी माणसं भेटली असतील, तेवढी हिला एका बसथांब्यावर भेटायची. डोळ्यांचे डॉक्टर, वाचनालयातल्या बाई, फळवाला, गाण्याच्या वर्गातल्या मैत्रिणी, शिवाय एक गृहस्थ, जे कोण होते ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यांना हिच्याकडून कढीपत्त्याचं रोप हवं होतं. प्रत्येकाला मी तीच बातमी द्यायची, पलीकडून तेच "अरे देवा!" यायचं, आणि मग पलीकडचा माणूस रडायला लागला की मीच त्याची समजूत घालायची. पुढे पुढे तर फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागलो. तिचा फोन वाजतोय आणि ती उचलत नाहीये, हे मला ऐकवत नव्हतं.

अशा वेळी समोरच्या दारातून सल्ला येणार नाही असं होत नाही. आमच्या समोर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते. हा माणूस आयुष्यभर एका गोदामात आलेल्या-गेलेल्या खोक्यांची मोजदाद करत होता, पण बोलायला लागला की वाटावं, कायद्याची पुस्तकं छापायच्या आधी यांना दाखवून घेत असतील.

"पहिलं काम काय कराल, तर वहिनींचा फोन बंद करा," सर्वज्ञ म्हणाले. "हल्ली गेलेल्या माणसाच्या नंबरवरून काय काय चालतं, ठाऊक आहे? गेलेली माणसं कर्ज काढतात, साहेब! हप्ते जिवंत माणसं भरतात!"

मी स्वतः एका मोठ्या कचेरीत मुख्य लेखनिक होतो. कागदपत्रांची मला भीती नाही. उलट कागद म्हटला की मला हुरूप येतो. मृत्यूचा दाखला हातात आल्या आल्या मी तो दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला होता. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करायचा, हा माझा शिरस्ता आहे. ही त्यावरून मला फार चिडवायची. "एक दिवस मलाही लॅमिनेट कराल," म्हणायची. तर तो चकचकीत दाखला घेऊन मी मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो आणि चहा थंड व्हायच्या आत नंबर बंद करून घरी आलो. जन्मात पहिल्यांदा माझं एखादं काम एका फेरीत झालं होतं. मला तिथेच संशय यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात मी वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. मीटर हिच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करायचा एवढंच काम. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "धारकाच्या मोबाईलवर कोड येईल, तो सांगा."

"धारक माझी पत्नी. त्या वारल्या."

"हो, ते लिहिलंय तुम्ही. त्यांचा मोबाईल?"

"तोही."

तेव्हा त्याने मान वर केली. "अरेरे!" म्हणाला. हिच्या जाण्याला त्याने अरेरे म्हटलं नव्हतं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

"मग आधी तुमचा नंबर नोंदवून घ्या," तो म्हणाला.

"घ्या नोंदवून."

"नंबर बदलायचा म्हणजे जुन्या नंबरवर कोड जाणार."

मी म्हटलं, जुना नंबर नाही म्हणून तर नवा देतोय. तो म्हणाला, तेच तर म्हणतोय मी, जुना असल्याशिवाय नवा कसा घेणार. आम्ही दोघेही सभ्य माणसं असल्यामुळे हे बराच वेळ चाललं. शेवटी तो म्हणाला, निदान दाखल्याच्या प्रतीवर आमचा 'पाहिला' असा शिक्का तरी घेऊन जा, पुढे उपयोगी पडेल. प्रत मी आणली नव्हती, दाखला होता. त्याने माझ्या लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर शिक्का मारला. शिक्का घसरला आणि त्याची निळी शाई माझ्या अंगठ्याला लागली. "यावर काही टिकत नाही हो," तो म्हणाला. "कोणी केलं हे?" मी म्हटलं, "दुकानदाराने."

तिथून मोबाईल कंपनीच्या दुकानात. मागच्या वेळी जिने माझं काम हसतमुखाने केलं होतं, तीच मुलगी होती.

"हा नंबर पुन्हा चालू करायचाय," मी म्हटलं.

"धारकाला यावं लागेल."

"धारक वारल्या म्हणूनच तर तुम्ही बंद केलात!"

"बंद करायला वारस चालतो, काका. चालू करायला धारकच लागतो."

ती म्हणाली ते इतकं गोड आवाजात की मी जवळजवळ "बरं, पाठवतो" म्हणालो होतो.

मग हळूहळू उजेड पडायला लागला. वीज, पाणी, गॅस, बँकेतलं आमचं जोडखातं, वाचनालय, गाडी, सगळं हिच्या नंबरला बांधलेलं होतं. घरातला कर्ता पुरुष म्हणून माझं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. आणि तो नंबर मी, मुख्य लेखनिकाने, स्वतःच्या हाताने बंद करून आलो होतो. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सर्वज्ञांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "फोन? फोन कशाला बंद केलात? कोणत्या शहाण्याने सांगितलं?"

आता हा नंबर माझ्या मोबाईलमध्ये कोणत्या नावाने आहे, ते सांगायला हवं. मी पहिल्यांदा मोबाईल घेतला, तेव्हा हिनेच तो माझ्या हातातून ओढून घेऊन त्यात स्वतःचा नंबर घातला, आणि नावाच्या जागी लिहिलं, 'घरून'. "माझं नाव कशाला हवं? मी घरूनच करणार ना फोन," म्हणाली. आणि नंतर फोन करायची ती बाजारातून, वाचनालयातून, रस्त्यातून, कुठूनही. पण माझ्या फोनवर यायचं 'घरून'. सगळ्यात जास्त फोन यायचा तो तर खालून, इमारतीच्या दारातून. गाडी हीच चालवायची. मला गाडी येत नाही. कुठे जायचं असलं की मी वर तीन-तीनदा कुलूप ओढून बघत असायचो आणि ही खाली जाऊन गाडी बाहेर काढून फोन करायची, "अहो, खाली या. गाडी काढलीय." तरी मी आलो नाही, तर हॉर्न. तोही असा, की सर्वज्ञ गॅलरीत यायचे.

नंबर बंद झाल्यावरही मी तो मधूनमधून लावायचो. यात लाजण्यासारखं काय आहे? बाजारात उभं राहिलं आणि काही अडलं की अंगठा आपोआप तिकडे जायचा. पलीकडे ध्वनिमुद्रित बाई सांगायची, "आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही." ते मला माहीत होतं. पण ती सांगायची फार सभ्यपणे, आणि दोनदा सांगायची. ऐकून मी फोन ठेवून द्यायचो आणि समोर दिसेल ती वस्तू घेऊन घरी यायचो.

असे काही महिने गेले. एक दिवस दुकानात कपडे धुण्याच्या पावडरी लावल्या होत्या त्या फळीसमोर मी उभा होतो. निळ्या पुड्यातली की हिरव्या, हे मला आयुष्यात कळलेलं नाही. नंबर लावला. आणि तो वाजला.

तो वाजला म्हणजे खरोखरच वाजला. मी फळीला धरलं. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "दाबा! अहो दाबा म्हणते ना! दुसरा पाय! हं... हॅलो, कोण?"

"मी," मी म्हटलं. बायकोला फोन करताना माणूस आणखी काय म्हणतो?

"मी कोण?"

जे विचारायचं होतं, तेच तोंडातून निघालं. "पावडर कुठली आणू? निळी की हिरवी?"

पलीकडे गिअर खरडल्याचा आवाज. मग, "निळी आणा. राँग नंबर आहे. अहो, आरशात बघा की, पुढे काय बघता!" आणि फोन बंद.

मी निळी आणली. ती बरोबर होती.

घरी येऊन डोकं ठिकाणावर आल्यावर माझ्यातला मुख्य लेखनिक जागा झाला. नंबर जिवंत आहे! कोणाचा का असेना, जिवंत आहे! आणि त्यावर कोड येऊ शकतो. मी ताबडतोब पुन्हा फोन लावला आणि त्या बाईंना शक्य तितक्या थोडक्यात परिस्थिती समजावून सांगितली. थोडक्यात म्हणजे मीटरपासून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फोनवर कोड येणार आणि तो मी तुम्हाला सांगायचा?"

"अगदी बरोबर."

"वा! रोज चार जण असेच फोन करतात. तुम्ही निदान गोष्ट तरी नवी रचलीत. पोलिसात देऊ का?"

भामटा! मला! ज्याने कचेरीतली टाचणी कधी घरी आणली नाही, त्याला! मी चवताळून त्यांना पत्ता विचारला. त्याही खमक्या, त्यांनी सांगितला. बाईंची गाडी शिकवायची शाळा होती, एका मोकळ्या मैदानाच्या कडेला. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे हजर झालो. एक ठेंगणी, पोक्त, उन्हाने रापलेली बाई उलट्या ठेवलेल्या बादल्यांच्या मधून एका थरथरत्या माणसाला गाडी मागे घ्यायला लावत होती. मी काही न बोलता माझा दाखला त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटून पाहिला, बोटाने वाजवून पाहिला. "हे प्लास्टिक तुम्ही चढवलंत?"

"हो," मी म्हटलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "भामट्याला हे सुचायचं नाही."

ज्या दाखल्यावर एकाही कचेरीचा शिक्का बसला नाही, तो असा एकदाचा कामी आला.

तिथून माझी गाडी रुळावर आली. मी खिडकीत उभा राहायचो, कारकून कोड पाठवायचा आणि मिनिटभरात माझा फोन वाजायचा. बाई शिकवत असतानाच फोन करायच्या आणि आलेला निरोप पहिल्या शब्दापासून वाचायच्या, गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ऐका हं. 'हा कोड कोणालाही सांगू नका. आमचे कर्मचारीही तो विचारणार नाहीत.' लिहून घ्या. चार, सात... ब्रेक! ब्रेक!... सात झालं ना? मग शून्य." एकदा बँकेत मी घाईने 'ब्रेक'च्या जागी आकडा शोधत बसलो होतो. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "कोणाचा फोन होता?" फोनवर अजून नाव दिसत होतं. मी म्हटलं, "घरून."

खरं सांगायचं, तर त्या सगळ्या धावपळीत मला ओढ होती ती त्या एका क्षणाची. फोन वाजायचा, मी तो खिशातून काढायचो, आणि वर लिहिलेलं असायचं, 'घरून'. उचलेपर्यंत सगळं पूर्वीसारखंच असायचं. म्हणून मी जरा उशिरा उचलायचो.

बाईंच्याकडे आता हिचे फोनही यायला लागले होते. त्या ते निरोप मला पोचवायच्या, आणि वर बडबडायच्या. "काय हो काका, तुमच्या बाईंच्या ओळखी तरी किती! आज एक जण कढीपत्त्याचं रोप मागत होता." एकदा म्हणाल्या, "चष्म्याच्या दुकानातून फोन होता. लांबचा चष्मा कधीचा तयार आहे म्हणे, घेऊन जा." तो चष्मा हिने गाडी चालवायला म्हणून करायला टाकला होता, हे मी पार विसरलो होतो. जाऊन आणला. घरी डोळ्यांवर लावून बघितला, तर सगळं घर धूसर झालं. ही ज्यातून सगळं स्वच्छ बघणार होती, त्यातून मला काहीच दिसेना. मी तो पुसून डबीत घालून ठेवला.

तर एकेक करत वीज झाली, पाणी झालं, गॅस झाला, बँक झाली. जो तो म्हणत होता, वा, सुटलात. आणि मला मात्र सुटायचं नव्हतं. कारण आता एकच काम राहिलं होतं, गाडी. ती माझ्या नावावर झाली, की मग कोड नाही. आणि कोड नाही, तर त्या बाईंनी मला फोन करायचं कारण काय? 'घरून' फोन येणं संपणार होतं. एकदा ते संपलेलं मी पाहिलं होतं. पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

गाडीबद्दल सल्ले मात्र जोरात सुरू होते. लेक दूरगावी असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका. तुम्हाला कुठे चालवता येते? उगाच उभी राहून गंजेल." सर्वज्ञांनी तर गिऱ्हाईकही आणलं. त्यांचा आमच्या गाडीच्या जागेवर डोळा होता. त्यांची गाडी झाडाखाली उभी असते आणि त्या झाडावर पक्षी फार. "आधी तुमच्या नावावर करून घ्या, म्हणजे लगेच विकता येईल," म्हणून ते रोज सकाळी आठवण करायचे.

मी वाहन कार्यालयात गेलो. कोड मागवला. फोन वाजला, बाईंनी कोड सांगितला, मी लिहून घेतला. आणि घातला नाही. कोड असतो तो थोड्या वेळात शिळा होतो. मी खिडकीवर म्हटलं, "शिळा झाला वाटतं. उद्या येतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा कोड मागवला, पुन्हा 'घरून' फोन आला, पुन्हा मी तो शिळा होऊ दिला. असं किती दिवस चाललं ते विचारू नका. खिडकीतला माणूस मला बघितलं की आपणहून म्हणायचा, "या, आज शिळं काय?"

एक दिवस बाईंचा फोन आला, पण त्यांनी कोड काही सांगितला नाही.

"काका, एक विचारू? हे गाडीचं शेवटचं काम ना?"

"हो."

"मग रोज रोज कोड येतोय तो? सगळी कामं पटापट केलीत, मग इथेच घोडं का अडलं? तुम्हाला तो घालायचाच नाहीये. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

मला खोटं सुचेना. म्हणजे सुचत होतं, पण त्या आवाजापुढे टिकलं नसतं. मी वाहन कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा होतो, आजूबाजूला माणसं होती, तरी मी सांगून टाकलं. "बाई, तुमचा फोन आला की माझ्या फोनवर 'घरून' असं येतं. हिने लिहिलंय ते. मला ते पुसवत नाही. आणि तुमचा फोन यायचा बंद झाला, की..."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग एकदम, "क्लच! अहो क्लच! मी जरा गप्प बसले, तर तुम्ही भिंतीत नेणार का मला?" मग दार उघडल्याचा, लावल्याचा आवाज. बाई गाडीतून उतरून बोलत होत्या.

"काका, गाडी विकायचीय का तुम्हाला?"

"नाही."

"मग उभी करून पूजा करायचीय का?"

"मला चालवता येत नाही."

"ते मला सांगताय?" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? शिकायला या. माझ्या विद्यार्थ्यांना मी रोज फोन करते. न करून सांगते कोणाला! निम्मे आळशी, निम्मे भित्रे, फोन केल्याशिवाय एक येत नाही. पण आधी तो कोड घाला. गाडी तुमच्या नावावर नसेल, तर मी तिला हात लावणार नाही. घ्या लिहून."

त्यांनी सांगितला, आणि मी घातला. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारून मला हात जोडले.

माझं शिक्षण हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. शाळेच्या गाडीने मी मैदानातल्या सगळ्या बादल्या पाडल्या. एक तर दोनदा पाडली, कारण ती पडली की नाही हे बघायला मी मागे आलो होतो. बाईंनी मला 'काका' म्हणायचं सोडलं नाही, एवढाच मान राहिला. सर्वज्ञ रोज विचारायचे, "या वयात? हाडं मोडायची हौस आहे का?" मी म्हणायचो, "हाडं लॅमिनेट करून घेतलीत." तरीही हळूहळू हात बसला. गाडी मला हवी तिकडे नाही, पण निदान सांगितल्यावर थांबायला लागली.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, आता तुमची गाडी. त्यांनी त्यांचा मेकॅनिक पाठवून तिची मेलेली बॅटरी बदलून घेतली, हवा भरून घेतली, आणि किल्ली स्वतःकडेच ठेवली. "तुम्ही एकटे असताना हिंमत कराल आणि नको ते होईल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार झालो. हिचा चष्मा, का कोण जाणे, खिशात घातला. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. दोन पायऱ्या उतरलो, परत जाऊन पुन्हा ओढून बघितलं. तिसऱ्यांदा ओढत होतो, तेवढ्यात फोन वाजला. 'घरून'.

"काका, खाली या," पलीकडून आवाज आला. "गाडी काढलीय."

हे वाक्य मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. गाडी काढल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार, हे मला कळत होतं. तरी मी त्या कुलपाला धरून उभा राहिलो. मग जिना असा उतरलो, की या वयात उतरू नये.

खाली गाडी उभी होती, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी तोंड रस्त्याकडे करून. मी धावत गेलो, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि बसायला वाकलो. तिथे बाई बसल्या होत्या.

"काका, ही जागा माझी," त्या म्हणाल्या. "तुमची तिकडे."

मी वळसा घालून गेलो. त्या बाजूने मी या गाडीत कधी चढलो नव्हतो. आत शिरलो, तर शिरताच येईना. सीट इतकी पुढे होती, की माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले आणि पोट त्याच्या मागे अडकलं.

"तुम्ही कशा काय बसलात?" मी विचारलं.

"मला सीट हलवावीच लागली नाही. आरसेसुद्धा जागच्या जागी," त्या म्हणाल्या. "बाई माझ्याच उंचीच्या दिसतायत. तुम्ही मागे घ्या. खाली दांडा आहे."

ही जिथे बसायची, तिथे ती सीट तशीच होती. घरातल्या सगळ्या गोष्टी मी हलवल्या होत्या, कपाट, औषधं, कागद, मीटरवरचं नावसुद्धा. ही जागा राहून गेली होती. मी म्हटलं, "राहू द्या. चालवतो असाच."

"असंच? क्लच दाबून दाखवा बरं."

मी दाबला. गुडघा वर आला आणि हॉर्नवर बसला. इमारतीत सगळीकडे तो आवाज घुमला, अगदी तसाच, मी उशीर केल्यावर घुमायचा तसा. सर्वज्ञ धावत गॅलरीत आले आणि वरूनच ओरडले, "येतायत हो वहिनी, कुलूप बघतायत!"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते वर तसेच उभे राहिले, कठडा धरून. त्या माणसाला मी पहिल्यांदाच गप्प झालेलं पाहिलं. मी काचेतून हात वर केला. त्यांनीही केला.

बाई समोर बघत म्हणाल्या, "काका, मागे घेतलेली सीट पुढे पण घेता येते."

मी खाली हात घालून दांडा ओढला. सीट कट् करून एक खाच मागे आली, मग आणखी एक, मग आणखी एक. तीन. मी त्या मनात पक्क्या केल्या. खिशातला चष्मा काढून समोरच्या कप्प्यात, तिच्या जागी ठेवला आणि किल्ली फिरवली.

आम्ही मैदानाला एक मोठी फेरी मारून आलो. काय काय झालं ते सांगत नाही, कोणी जखमी नाही एवढं पुरे. बाई त्यांच्या दाराने उतरून निघून गेल्या. मी गाडी बंद केली, खाली हात घातला, सीट तीन खाचा पुढे घेतली, आणि मग कसाबसा अंग चोरून बाहेर पडलो.